टिळकांच्या घरचा दत्तू

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की खानदेशातल्या वाटा तापीकाठच्या सारंगखेड्याकडे वळू लागतात. एकमुखी दत्ताची ती यात्रा, तिथला घोड्यांचा बाजार आणि नवस फेडावयास आलेल्या लेकुरवाळ्यांची दाटी ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही. आपल्या तिथींचे व इंग्रजी महिन्यांचे गणित असे आहे, की काही वर्षी हा दत्तजन्म नाताळाच्या अगदी शेजारी येऊन बसतो. २०२३ साली तर नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी दत्तजयंती आली. सण शेजारी आले की घरे आठवतात, आणि घरे आठवली की त्या घरांतून वाढणारी मुले आठवतात. म्हणून आजच्या पर्वावर आम्ही दत्ताचेच नाव धारण करणाऱ्या एका ख्रिस्ती मुलाची कथा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा मुलगा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा चिरंजीव देवदत्त, घरातला दत्तू. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा दत्तू अजाण बालक होता. पित्याने धर्म बदलला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ त्यांनी प्रत्यक्ष पंढरपुरात काढला. पुढे त्या पतीजवळ परतल्या, परंतु आपले सोवळे सोडून नव्हे. ख्रिस्ती पतीच्या घरात त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ती चूल मोडली नाही. ज्या सोवळ्याचा त्यांनी स्वतः त्याग केला होता, ते पत्नीस पाळता यावे म्हणून त्यांनी सोय करून दिली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० च्या सुमारास, आणि तोही स्वतःच्या मनाशी पुष्कळ झगडून. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास हा सारा इतिहास ठाऊक आहे.

आता त्या मुलाच्या बाजूने क्षणभर विचार करावा. टिळकांनी धर्म सोडला, असे आपण म्हणतो. लक्ष्मीबाईंनी सोडला, असेही म्हणू. दत्तूने काय सोडले? त्याने काहीच सोडले नाही. जी प्रार्थना आईबापांच्या ओठी होती, ती त्याने उचलली. तुमच्या आमच्या मुलांना सायंकाळी देवापुढे दिवा लागला की हात जोडणे जसे शिकवावे लागत नाही, तसेच हेही. नाव दत्ताचे आणि प्रार्थना ख्रिस्ताची, यात त्या घरास विसंगती वाटली नाही. बाप्तिस्म्यानंतरही मुलाचे नाव बदलले गेले नाही. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ज्या पित्यास वाटे, आणि ज्याने ख्रिस्तकथा सांगण्यासाठी आमच्याच कीर्तनाची वाट धरली, त्याला ते वाटण्याचे कारणही नव्हते.

याच घरात आपल्या खानदेशातला एक मुलगा येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावी झाला. १९०७ साली जळगावास महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कीर्तिकर होते. जेमतेम सतरा वर्षांच्या या मुलाने तेथे कविता म्हटली, सभा थक्क झाली आणि 'बालकवी' ही पदवी त्यास मिळाली. टिळकांची नजर या मुलावर ठरली. पुढे ठोमरे काही काळ अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, टिळकांच्या घरीच राहिले. दत्तू आणि ते वयाने जवळजवळ बरोबरीचे. लक्ष्मीबाईंनी या हळव्या, क्षणात रुसणाऱ्या व क्षणात हसणाऱ्या मुलास घरच्या लेकरासारखे वागविले.

त्या काळी ब्राह्मणाच्या मुलाने ख्रिस्ती घरी राहणे ही साधी गोष्ट नव्हती. पाणी प्यायल्याने जात जाई, मग पंक्तीची गोष्टच कशाला? शिवाय यजमान धर्मोपदेशक. येशूची वार्ता सांगणे हे त्यांचे जीवितकार्य. आजही एखाद्या आईच्या पोटात अशा प्रसंगी धस्स होईल. पण घडले काय? ठोमरे हिंदू म्हणून त्या घरात गेले आणि हिंदू म्हणूनच बाहेर पडले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकात रेल्वेच्या अपघाताने त्यांचा अंत झाला, तेव्हाही ते हिंदूच होते. ज्या औदुंबरातळी आपण दत्तगुरूंची पादुकास्थाने पुजतो, त्या वृक्षाचे नाव मराठी कवितेत अजरामर करणारी आठ ओळींची कविता त्यांचीच. टिळकांच्या घरी त्यांचा धर्म गेला नाही. तिथे त्यांना माया मिळाली आणि कवितेला आसरा मिळाला.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. नवापूर, चिंचपाडा या बाजूंस भिल्ल, गावित, मावची समाजांत ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेथील मुले-मुली शिक्षणासाठी धुळ्यास येतात, १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठात येतात, आणि तुमच्या आमच्या मुलांच्या शेजारच्या बाकावर बसतात. परीक्षेच्या काळजीत, खानावळीच्या भाकरीत, घरच्या आठवणीत ती एकमेकांची होतात. मग एखाद्या दत्तजयंतीला आपला मुलगा आपल्या मित्रास घरी घेऊन येतो. पाळणा हलविला जातो, सुंठवडा वाटला जातो, आणि तो मित्र संकोचाने हात मागे घेतो. घरातली माणसे दुखावतात. देवाचा प्रसाद नाकारतो म्हणजे काय, असे कोणी मोठ्याने बोलते, कोणी मनात ठेवते. मैत्रीला पहिली चीर जाते ती तिथे.

अशा वेळी लक्ष्मीबाईंची वेगळी चूल आठवावी. सोवळ्यासाठी त्या पतीच्या पंक्तीस बसत नव्हत्या, तेव्हा टिळकांनी तो अपमान मानला नाही. एका ख्रिस्त्याने एका हिंदू स्त्रीचा नियम आपल्या घरात सांभाळला. तेच सौजन्य एका ख्रिस्ती मुलास आपल्या घरात मिळू नये काय? त्याच्या मनास प्रसाद घेणे पटत नसेल, तर आग्रह करू नये. साधे दूध द्यावे, आईची खुशाली विचारावी आणि जेवल्यावाचून जाऊ देऊ नये. जो आपला नियम पाळतो, तो आपल्या मुलासही नियम पाळण्याचे बळ देतो. ज्याला कशाचेच बंधन नाही, त्याच्या संगतीची काळजी आईबापांनी अधिक करावी.

प्रलोभनाने, धाकाने वा कोणाच्या अडचणीचा लाभ घेऊन केलेला धर्मबदल आम्हांस मान्य नाही; तो कोणी करीत असेल तर त्यास विरोधच केला पाहिजे. परंतु त्या भयाने प्रत्येक ख्रिस्ती मुलाकडे संशयाने पाहणे हा अन्याय आहे. आपल्या धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारीपासून जूनपर्यंत विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. स्वधर्माचे स्थान आईसारखे आहे, हे विनोबांनी त्यात समजाविले. आई सर्वांत श्रेष्ठ आहे की नाही, हे तोलून कोणी तिला निवडत नाही. आणि ज्याला आपल्या आईची खरी माया आहे, तो दुसऱ्याच्या आईस कधी उणे बोलत नाही. हेच विनोबा पुढे 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध करतात, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आणि श्रीदत्तात्रेयांचा उपदेश तरी निराळा कोठे आहे? भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजास आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. त्यांत कपोत आहे, मधमाशी आहे, पिंगला वेश्या आहे, हातातली कांकणे वाजू नयेत म्हणून एकेक उतरवून ठेवणारी कुमारिका आहे, आणि राजाची मिरवणूक दारावरून गेली तरी मान वर न करणारा बाण घडविणारा कारागीर आहे. यांपैकी एकालाही अवधूताने कुळ विचारले नाही. नाथांच्या परंपरेत तर दत्त मलंगाच्या वेषात दर्शनास आल्याची कथा सांगतात. दैवत ज्या वेषाने उंबऱ्यापाशी येईल त्या वेषास दार बंद करणे, हे दत्तभक्ताच्या घरास शोभत नाही.

दत्तू मोठा झाला. आईच्या निधनानंतर 'स्मृतिचित्रे'चा अखेरचा भाग त्यांनीच प्रसिद्ध केला, पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले, आणि मराठी साहित्यात देवदत्त नारायण टिळक हे नाव मानाने राहिले. ते आयुष्यभर ख्रिस्ती होते आणि आयुष्यभर मराठी होते. तशीच माणसे आज आपल्या मुलांच्या शेजारच्या बाकावर घडत आहेत. त्यांची पावले या पौर्णिमेस आपल्या दारी लागली तर ती न संकोचता लागावीत आणि संतोषाने परतावीत, एवढी सुबुद्धी श्रीगुरूंनी आपणा सर्वांस द्यावी, हेच आमचे मागणे.