अंतरपाटाच्या पलीकडे



गेल्या बैठकीत एका बाईनं विचारलं, "देवाच्या शोधात डोंगरात निघून गेलेल्या नवऱ्याला स्वार्थी म्हटलं, तर पाप लागेल का?" तीन वर्षं झाली. दोन लेकरं आहेत, त्याच्या नावावर सोसायटीचं कर्ज आहे. सासू म्हणते, माझ्या पोटी संत जन्मला. वसुलीवाले मात्र सुनेच्या दारात येतात.

हा प्रश्न आपल्या जालना जिल्ह्यात विचारणं सोपं नाही. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. १६०८ साली जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाला, ही कथा आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकतो. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं भटकंती. त्या पोराला मी दोष देणार नाही. बाराव्या वर्षी लादलेलं लग्न नाकारणं यात गैर काय? शिवाय घरी थोरले बंधू गंगाधरपंत होते. पण आई राणूबाईंची दृष्टी रडून रडून गेली असं सांगतात, आणि अंतरपाटापलीकडे उभ्या राहिलेल्या मुलीचं पुढं काय झालं, हे कथेत कुणी विचारत नाही.

याच परंपरेत वेणाबाई आहेत. बालविधवा. समर्थांच्या कीर्तनाला जातात म्हणून लोक बोलू लागले, तेव्हा घरच्यांनीच त्यांना विष दिलं, अशी आख्यायिका आहे. त्या वाचल्या, पुढे मिरजेच्या मठाच्या प्रमुख झाल्या. मुलगा रानात गेला तर विरक्त, मुलगी गावातल्या कीर्तनाला गेली तरी कुळाला बट्टा!

म्हणून मला वाटतं, जाणं हाच गुन्हा नव्हे. एकांताची ओढ बाईलाही असते. आपल्या मागं भार कुणावर पडतो, तिला विचारलं होतं का, आणि उद्या ती जाते म्हणाली तर चालेल का, हे विचारायला हवं. लेकरं जन्माला घालून न सांगता गेलेल्या माणसाला मी बेजबाबदारच म्हणेन, मग तो भगव्यात असो की दारूच्या गुत्त्यावर.

कायदाही इथं भाविक नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं धर्मपंथात जाऊन संन्यास घेणं हे घटस्फोटाचं कारण आहे. दोन वर्षं टाकून देणं हेही. पोटगीचं जुनं कलम १२५ आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. अडचण एवढीच, की समन्स बजावायला पत्ता लागतो, आणि डोंगराला घर नंबर नसतो. तेव्हा अशी बाई आली की आधी पोलिसांत बेपत्ताची नोंद करून घ्या, आणि तिची प्रत तिच्याजवळ ठेवा. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही, तर तेही घटस्फोटाचं कारण होतं.

त्या बाईला घटस्फोट नको आहे. तिला एकदा पायी पंढरपूरला जायचं आहे. सासू विचारते, पोरांना कोण बघणार? यंदा आषाढीला गटातल्या दोघी बघणार आहेत.