‘एम’ची पाचर

ड्रायव्हर ‘वाय’ आणि बस ‘एम’. लिनक्स कर्नलचे कितीतरी बिल्ड या एका जोडीपायी अगदी शेवटी, लिंकरच्या दारात येऊन आपटले आहेत. समजा, एखादी चिप आयटूसी बसवरही चालते आणि एसपीआयवरही. ड्रायव्हर लिहिणारा आयटूसीचा भाग ‘इज-एनेबल्ड’ या मॅक्रोच्या आड ठेवतो आणि निश्चिंत होतो. पण हा मॅक्रो ‘वाय’लाही हो म्हणतो आणि ‘एम’लाही. ड्रायव्हर कर्नलच्या पोटात, आयटूसीची फंक्शन्स मात्र मागाहून लोड होणाऱ्या मॉड्यूलमध्ये. लिंकरने ती आणायची कुठून? (एसपीआयला ‘एम’ची सोयच नाही, म्हणून हे भांडण नेहमी आयटूसीशीच.)

मग कोणीतरी ‘इज-रीचेबल’ सुचवतो. लिंकर गप्प बसतो खरा, पण आयटूसीचा भागही गुपचूप गळून जातो. बोर्डावर चिप सापडत नाही आणि कॉन्फिग फाइलमध्ये तर दोन्ही पर्याय चालू दिसतात. त्यापेक्षा मोडलेला बिल्ड परवडला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उपाय केकॉन्फिगच्या एका ओळीत आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती वेडगळ वाटते: डिपेंड्स ऑन आयटूसी || !आयटूसी. असो वा नसो, यात अट ती कसली? पण केकॉन्फिगच्या तर्काला तीन किमती आहेत. एन म्हणजे 0, एम म्हणजे 1, वाय म्हणजे 2, आणि नकार म्हणजे 2 मधून वजाबाकी. एमचा नकार पुन्हा एमच! त्यामुळे बस एम असली की ड्रायव्हरला एमच्या वर चढता येत नाही. बस वाय किंवा एन असली तर त्याला पूर्ण मोकळीक.

दोन बसच्या चिपसाठी मात्र फाइलीच वेगळ्या कराव्यात. बीएमपी280 या हवेच्या दाबाच्या सेन्सरचा ड्रायव्हर उघडून पाहा: गाभा, आयटूसी आणि एसपीआय, तिघांचे संसार वेगळे. एसपीआयवर रजिस्टरच्या पत्त्याचा सर्वांत वरचा बिट वाचायचे की लिहायचे एवढेच सांगतो. ती भानगड गाभ्याच्या कानावरही जात नाही. तो फक्त रेगमॅपशी बोलतो. शिवाय बसही मरतात. 2012 साली 3.5 आवृत्तीत मायक्रोचॅनल कर्नलमधून गेली. अशा वेळी वेगळी फाइल सरळ पुसता येते, ‘इफडेफ’ मात्र एकेक वेचावे लागतात.

ऑलयेसकॉन्फिग आणि ऑलमॉडकॉन्फिगवर विसंबू नका. तिथे बस आणि ड्रायव्हर दोघेही वाय, नाहीतर दोघेही एम, त्यामुळे ही जोडी जमतच नाही. पॅच पाठवण्याआधी ड्रायव्हरला वाय मागून बस वाय, एम आणि एन ठेवून तीन बिल्ड करा. मधल्या खेपेला ड्रायव्हर आपोआप एमवर उतरला नाही, तर केकॉन्फिगची ती ओळ राहून गेली आहे.