३८४ शितं

मार्चमध्ये एका रात्री साडेदहाला मामेबहिणीचा मेसेज आला. सोबत एक पीडीएफ. ‘दादा, यातला तिसरा चॅप्टर समजावून सांग ना प्लीज. परवा व्हायवा आहे.’

पीडीएफ उघडली तर कव्हरवर तिचंच नाव. म्हणजे स्वतःच्या रिसर्च पेपरमधला मेथडॉलॉजीचा चॅप्टर तिला दुसऱ्याकडून समजून घ्यायचा होता, आणि यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मलाही वाटलं नाही.

विषय चांगला होता. काशीमीऱ्यातल्या नोकरदार महिला आणि सार्वजनिक वाहतुकीबद्दलचं त्यांचं समाधान. ज्यांना काशीमीरा माहीत नाही त्यांच्यासाठी: दहिसर मागे टाकून हायवेने उत्तरेला आलात की मीरा-भाईंदर रस्ता जिथे डावीकडे फुटतो, तो नाका. रेल्वे स्टेशन इथून लांब, म्हणून बस नाहीतर शेअर रिक्षा. आम्ही दोघंही इथेच वाढलो. संध्याकाळी सहानंतर त्या नाक्यावर किती बायका उभ्या असतात ते आम्हाला कोणी सर्व्हे करून सांगायला नको. पण त्या कुठे निघाल्यात, किती वेळ थांबतात, किती पैसे मोजतात, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

चॅप्टर इंग्रजीत होता, मराठीत सांगतो. अभ्यासाचा आराखडा वर्णनात्मक आणि क्रॉस-सेक्शनल. नमुना निवडीची पद्धत स्ट्रॅटिफाइड रँडम. नमुना ३८४. प्रश्नावली पाच पर्यायांच्या लिकर्ट स्केलवर. क्रॉनबाख अल्फा ०.९१.

मी फोन लावला. “स्ट्रॅटा कोणते पाडलेस?”

“स्ट्रॅटा म्हणजे?”

“बरं, रँडम कसं केलंस?”

“रँडमच होतं की. कोणीही भरलं.”

सगळा घोळ या ‘कोणीही’त आहे. आपल्या बोलण्यात रँडम म्हणजे कसंही, आगापिछा नसलेलं. ‘काय रँडम बोलतोयस.’ संख्याशास्त्रातला रँडम याच्या बरोबर उलटा, कमालीचा शिस्तीचा. आधी सगळ्यांची यादी हवी. मग चिठ्ठ्या टाकून नावं काढायची आणि ज्याचं नाव निघालं त्याच्याच दारात जायचं. तो पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद आहे, तो खेकसतो, तरी त्याच्याच. विचारणाऱ्याच्या सोयीला आणि सांगणाऱ्याच्या हौसेला त्यात जागा नाही. स्ट्रॅटिफाइड म्हणजे त्या यादीचे आधी गट पाडायचे, समजा वस्तीनुसार किंवा कामानुसार, आणि प्रत्येक गटातून वेगळ्या चिठ्ठ्या काढायच्या. बहिणीने गूगल फॉर्मची लिंक सोसायटीच्या, कॉलेजच्या आणि मामीच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती.

आता ३८४ चं बघा. विद्यार्थ्यांचे पेपर चाळलेत तर हा आकडा इतक्यांदा भेटेल की १०८ सारखा पवित्र वाटायला लागेल. तो येतो कुठून? १.९६ चा वर्ग ३.८४१६. त्याला ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५ ने गुणा, ०.९६०४. त्याला ०.०५ च्या वर्गाने, म्हणजे ०.००२५ ने भागा, ३८४.१६. झालं. १.९६ ही ९५ टक्के खात्रीची किंमत, ०.५ म्हणजे लोक निम्मे-निम्मे विभागलेत हे सर्वांत अवघड गृहीत, ०.०५ म्हणजे उत्तर पाच टक्के इकडेतिकडे झालं तरी चालेल. १९७० मध्ये क्रेजी आणि मॉर्गन या दोघांनी लोकसंख्या आणि नमुना यांचा तयार तक्ताच छापला. दहा लाखांसमोर त्यात ३८४ आहे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर होती, म्हणजे आमच्या शहराला हा आकडा फिट्ट बसतो.

पण हे सगळं गणित एका अटीवर उभं आहे. नमुना चिठ्ठ्या टाकून काढलेला हवा. ती अट सोडली की ३८४ जणांचा वाकडा नमुना ३८ जणांच्या वाकड्या नमुन्यापेक्षा शहाणा होत नाही, फक्त जास्त ठामपणे बोलतो.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपल्याकडे म्हणतात. भात एका पातेल्यात, एका आचेवर, सारखा शिजला असेल तर ते बरोबरच आहे. पण तळाला करपला असेल तर वरची ३८४ शितं चाचपून त्याचा पत्ता लागत नाही. काशीमीरा काही सारखा शिजलेला भात नाही. इथे टॉवर आहेत, जुनं गाव आहे, कारखान्यांचे गाळे आहेत, माशाचा पाडा आहे. लिंक फिरली ती टॉवरमध्ये, आणि फॉर्म इंग्रजीत.

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी छापलं की लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाकडे होती? आणि भरलेली पत्रिका परत पोस्टात टाकायचे कष्ट कोणी घेतले? सोसायटीचा ग्रुप ही आपली टेलिफोन डिरेक्टरी. वीस लाखांना जे जमलं नाही ते ३८४ ना जमणार नव्हतं.

“आणि ३८४ पुरे कसे झाले?” मी विचारलं.

जरा वेळ शांतता. मग, “दोनशे अकरा आले होते. बाकीचे मैत्रिणींनी दहा-दहा, वीस-वीस भरून दिले.”

म्हणून ०.९१. क्रॉनबाख अल्फा हे माप १९५१ पासून वापरात आहे. एकाच गोष्टीबद्दलच्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, एवढंच ते सांगतं. खऱ्या माणसाची उत्तरं थोडी विसंगत असतात. बस आवडत नाही पण कंडक्टर बरा आहे, असं ती सांगते. कंटाळलेली मैत्रीण एका फॉर्मवर सरसकट ‘सहमत’ दाबते, पुढच्यावर सरसकट ‘असहमत’. उत्तरं छान जुळतात. अल्फा चढतो. म्हणजे खोट्या फॉर्मनीच विश्वासार्हता वाढवली, आणि पेपरमध्ये त्याच्या पुढचं वाक्य होतं, ‘साधन अत्यंत विश्वासार्ह असल्याचं सिद्ध झालं.’

एव्हाना बहीण रडवेली झाली होती आणि मी, नेहमीप्रमाणे, जरा जास्तच हुशारी दाखवत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “आणि नाक्यावरच्या बायकांचं काय करू? ते तर घेतलंच नाही.”

नाक्यावरच्या कुठल्या बायका?

तर ती डिसेंबरमध्ये चार संध्याकाळी, सहा ते आठ, वही घेऊन नाक्यावर उभी होती. एकोणीस जणींनी नाही म्हटलं. एकेचाळीस जणी बोलल्या, मराठीत, हिंदीत. कोणाशी किती वेळ बोलणं झालं, कोण कुठे काम करते, कुठल्या प्रश्नाला बस आली आणि बाई निघून गेली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मी ती वही पाहिली. गूगल फॉर्मवर ६८ टक्के ‘समाधानी’ होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी स्कूटीने जातात. वहीत सात जणी अशा होत्या ज्या रिक्षाचे पैसे वाचवायला घरी चालत जातात आणि फक्त पाय दुखत असतील त्या दिवशी नाक्यावर थांबतात. त्यांना समाधानाबद्दल पाचपैकी कितवा पर्याय द्यायचा? हा प्रश्न त्या वहीने विचारला होता. पेपरने विचारला नव्हता.

वही का घेतली नाही? गाइड म्हणाले, एकेचाळीस फार कमी आहेत, आणि नकार दिलेल्यांची संख्या लिहिली तर पेपर कमकुवत दिसतो.

माझं भांडण या वाक्याशी आहे. तिच्याशी नाही, आणि एकट्या त्या सरांशीही नाही. आपण मुलांना असं शिकवतो की मेथडॉलॉजी म्हणजे पूजेच्या आधीचा संकल्प. ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने म्हणायचे, अर्थ कळला नाही तरी फळ मिळतं. सीनियरच्या रिपोर्टमधून उचलायचं, आता एआयकडून लिहून घ्यायचं. आणि मग तो चॅप्टर समजत नाही म्हणून मुलं ट्यूशन लावतात, यूट्यूब बघतात. जे केलंच नाही ते समजणार कसं? तिला रँडम सॅम्पलिंगची व्याख्या पाठ नव्हती, ही काही अडचण नव्हती. तिने नाक्यावर काय केलं ते ती मला झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. तेवढंच लिहायचं होतं.

माझ्या धंद्यात याला ‘स्टेप्स टू रीप्रोड्यूस’ म्हणतात. बग कसा आला ते इतकं नेमकं लिहायचं की दुसऱ्याच्या मशीनवरही तो यावा. ‘ॲप कधीकधी बंद पडतं’ असं लिहिलंत तर डेव्हलपर ते तिकीट तुमच्या तोंडावर परत फेकतो. फेकणारा आहे म्हणून लिहिणारा नीट लिहितो. विद्यार्थ्याचा पेपर असा परत फेकणारं कोणी नाही.

माझ्याही वेळी नव्हतं. शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट रस्त्यावरचे खड्डे कॅमेऱ्याने ओळखण्याचा होता. मित्राच्या बाइकवर मागे बसून घोडबंदर रस्त्याचा व्हिडिओ काढला, त्यातून हजारो फ्रेम काढल्या, त्या ‘रँडमली’ ८० आणि २० टक्क्यांत वाटल्या. ८० वर मॉडेल शिकवलं, २० वर तपासलं. अचूकता ९८ टक्के. व्हिडिओतल्या लागोपाठच्या दोन फ्रेम म्हणजे जवळजवळ एकच फोटो. एक शिकवायला गेला, त्याचा जुळा भाऊ परीक्षेला. मॉडेलने खड्डे ओळखले नाहीत, तेच फोटो पुन्हा ओळखले. आम्हाला हे सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कळलं, दुसऱ्या रस्त्याचा व्हिडिओ लावून पाहिला तेव्हा. तो आकडा आम्ही रिपोर्टमध्ये घातला नाही. ९८ टक्के अजूनही एका मित्राच्या रेझ्युमेवर आहे. माझ्या रेझ्युमेवरून मी तो मागच्या वर्षी काढला, नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर. त्यामुळे माझ्या शौर्याबद्दल गैरसमज नको.

यावर नेहमीचा बचाव असा की वीस वर्षांच्या पोरांकडून एवढं कशाला मागता, ना वेळ ना पैसा. मी मागतच नाही. यादी करून चिठ्ठ्या टाकणं तिला परवडणारं नव्हतं. ओळखीच्यांना विचारलं, याला ‘सोयीचा नमुना’ असं सरळ नाव आहे आणि तो गुन्हा नाही. त्यावर स्ट्रॅटिफाइड रँडमचं लेबल लावणं हा आहे. दुधात पाणी घालून विकणारा आणि ‘ताक आहे’ सांगून विकणारा, दोघांत काही फरक असतो की नाही?

आणि विद्यार्थ्याच्या हातून होऊ शकतं. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या तेव्हा विशीतच होत्या. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्यांच्या मांडणीचा पुढे नाझींनी वापर केला. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडलेला आहे आणि त्यातून गोऱ्यांची बुद्धी सरस ठरते, असं फिशरना दिसायला हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. एकेक बिंदू, एकेक माप. फरक सगळीकडेच होता, आणि तो वंशाप्रमाणे बदलत नव्हता. त्यांनी तसं लिहिलं. परक्या देशात, उसन्या पैशांवर शिकणारी मुलगी स्वतः गाइडच्या विरुद्ध कशाच्या जोरावर उभी राहिली? मोजमाप कसं केलं ते कागदावर होतं, या एकाच जोरावर. निष्कर्ष नाकारायचा तर मापं खोटी पाडावी लागली असती. आपल्या मेथडॉलॉजीत असं काही असतं का, की ज्याच्या आधाराने पोरगी गाइडला ‘नाही सर’ म्हणू शकेल?

पुण्याजवळचं अजून एक उदाहरण. शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी छापली. (हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आज माझे निम्मे सहकारी टू-बीएचकेचे हप्ते भरतायत.) गाव पुण्या-खडकीच्या फार जवळ, त्यावरून सगळ्या खेड्यांबद्दल बोलता येणार नाही, ही अडचण उघड होती. मॅन आणि कानिटकरांनी ती झाकली नाही. शहरापासून लांबचं जातेगाव बुद्रुक घेतलं आणि १९२१ मध्ये दुसरा अभ्यास छापला. पहिला काही त्यामुळे कमकुवत दिसत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आहे. पेपर वाढणार. त्यातले आकडे शिफारशींत जाणार, बातम्यांत ‘एका सर्वेक्षणानुसार’ म्हणून येणार. फोनवर तशी बातमी दिसली की मी आता टक्केवारी सोडून आधी हे शोधतो, की विचारलं कोणाला, कोणत्या भाषेत, आणि नाही म्हणाले किती. शेवटचं बहुतेकदा सापडतच नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून दोन पानं लिहिली. दोनशे अकरा फॉर्म, कोणत्या ग्रुपवर, एकेचाळीस जणी, कोणत्या संध्याकाळी, एकोणीस नकार. मैत्रिणींनी भरलेले फॉर्म काढून टाकले. सकाळी तिने ती सरांना दाखवली. ते म्हणाले, आता बदलू नको, मार्क जातील. तिने बदललं नाही. मी असतो तर मीही बदललं नसतं, हे वर सांगितलंच आहे.

व्हायवाला एक्स्टर्नलने एकच प्रश्न विचारला. ३८४ कसे आले? तिने मी शिकवलेलं सूत्र फळ्यावर सोडवून दाखवलं, ३.८४१६ पासून. पूर्ण मार्क.

गेल्या आठवड्यात तिचा पेपर एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलने दोन दिवसांत स्वीकारला. फी भरायची आहे. मामीने पेढे पाठवले. वही अजून माझ्या टेबलावर आहे. काल रात्री मेसेज आला, ‘दादा, फॉर्म्युला तूच शिकवलास ना, तुझं नाव को-ऑथर म्हणून टाकू?’

दोन निळ्या टिका तिला दिसल्या असतील. उत्तर अजून दिलेलं नाही.