विजापूर पाहावे कसे?

दिवाळीची सुट्टी सरून थंडीचे दिवस आले, की आपल्या संकेश्वर, हुक्केरी, निपाणी या टापूतील शाळांतून सहलीच्या वार्ता सुरू होतात, आणि त्यांत विजापूरचे नाव हटकून येते. २०१४ साली सरकारदरबारी या नगराचे नाव विजयपुर असे झाले. तथापि आपल्या घरांतून विजापूर हाच शब्द रूढ असल्यामुळे आम्हीही तोच योजीत आहोत. चिकोडी, अथणी, तिकोटा अशी वाट धरून गाडी निघते, दुपारच्या आत पोचते, आणि सायंकाळी परतीला लागते. मधल्या चार तासांत मुले गोलघुमटाच्या सज्जात चढून घसा बसेपर्यंत ओरडतात, मुलुखमैदान तोफेपाशी छायाचित्रे निघतात, एखादा महाभाग खिशातील किल्लीने आपले नाव भिंतीवर कोरतो, आणि घरी आल्यावर ‘विजापूर पाहिले’ असे सांगण्यात येते. आमच्या मते याला विजापूर पाहणे म्हणता येणार नाही. सुमारे दोनशे वर्षे जी नगरी एका मोठ्या राज्याची राजधानी होती, तिच्या दोन-तीन वस्तू पाहिल्या, एवढेच फार तर म्हणता येईल.

गोलघुमटाची थोरवी आम्हांस अमान्य आहे असे कोणी समजू नये. १६२७ पासून १६५६ पर्यंत राज्य केलेल्या महंमद आदिलशहाची ही कबर. बाहेरून मोजल्यास घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर भरतो, आणि आत एकाही खांबाचा आधार नाही. खाली चौरस दालन, वर वाटोळा घुमट. चौकोनावर वर्तुळ बसवावे कसे, हा कोडे घालणारा प्रश्न त्या काळच्या कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारून सोडविला. भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे खाली उभे राहून, मान वर करून, त्या कमानी नुसत्या नजरेने मोजाव्यात. वर्तुळ आणि चौकोन यांचा संबंध फळ्यावर दहा वेळा काढूनही जो कळत नाही, तो तेथे कळून येतो. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन हळू कुजबुजले, तर समोरच्या बाजूस उभ्या असलेल्या सोबत्याला ते स्पष्ट ऐकू जाते. परंतु ही किमया अनुभवण्यास शांतता लागते, आणि शांतता ही वस्तू आपल्या सहलींनी तेथून हद्दपार केली आहे. इतका प्रवास करून आपलाच आवाज सात-आठ वेळा ऐकून परत यायचे असेल, तर गावची विहीर काय वाईट?

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. राजधानीत जाऊन आपण कबरी पाहतो आणि शहर विसरतो. राजे मेल्यावर कोठे निजले हे आपणांस कळते. लाखो माणसे तेथे जगली कशी, हे कोणी विचारीत नाही. विजापूरचा मुलूख कोरडा. आपल्या हिरण्यकेशीसारखी नदी तेथे उशाशी नाही. मग एवढ्या वस्तीला, फौजेला, हत्ती-घोड्यांना, बागांना पाणी आले कोठून? पश्चिमेकडील तोरवीहून आणि दक्षिणेकडील बेगम तलावातून ते जमिनीखालून शहरात आणले होते. हा तलाव महंमद आदिलशहाने १६५१ साली बांधविला. तेथून निघालेल्या मातीच्या नळांवर चुन्याचे पक्के काम केलेले असे, आणि वाटेत ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे उभारलेले असत. पाण्याचा जोर त्यांत आवरला जाई आणि गाळ तळाशी बसे. असले मनोरे शहरात आजही उभे आहेत, पण त्यांच्यापुढे गाडी थांबविल्याचे आमच्या ऐकिवात नाही. इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या ताज सुलताना नावाच्या राणीच्या सन्मानार्थ १६२० साली बांधलेली ताज बावडी तर डोळ्यांत भरण्याजोगी आहे. भव्य कमानीतून पायऱ्या पाण्याकडे उतरतात. उन्हाळ्यात घागर घेऊन नळाची वाट पाहणाऱ्या आपल्या मायबहिणींना गोलघुमटापेक्षा ही बावडी पाहून अधिक समाधान वाटेल, असा आमचा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. १५३५ च्या सुमारास गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी हिंदवीत ठेवण्याची आज्ञा केली, असे फेरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. फेरिश्ता स्वतः विजापूरच्याच दरबारी राहून आपला ग्रंथ लिहीत होता. हिंदवी म्हणजे येथे मराठी, असा अर्थ पुढील इतिहासकारांनी लावला आहे. त्या आज्ञेमुळे देशी कारकुनांचा शिरकाव दफ्तरांत झाला, आणि दफ्तरांतील फारसी शब्द आपल्या ओसरीवर येऊन बसले. तालुका, जमीन, हिशेब, खर्च, वसूल, फडणीस, पोतनीस यांतील कोणता शब्द आज आपणांस परका वाटतो? गंमत अशी, की यांतील कित्येक शब्द आपल्या शेजारच्या कन्नडातही थोड्या फरकाने तसेच आहेत. बाजारात मराठी आणि कन्नड बोलणारे दोन शेतकरी जमिनीच्या खर्चाविषयी बोलू लागले, की दोघेही नकळत विजापूरच्या कचेरीतले शब्द उच्चारीत असतात.

यावर एक आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. तो असा, की विजापूर ही शत्रूची राजधानी. अफझलखान तेथूनच निघाला. तेव्हा तोफ पाहावी, जय म्हणावा आणि यावे, तेथे आणखी पाहण्यासारखे काय आहे? शिवछत्रपतींच्या कार्याविषयी आमच्या मनात असलेला आदर कोणाहून उणा नाही, आणि म्हणूनच हा आक्षेप आम्हांस उथळ वाटतो. शहाजीराजांनी आयुष्याची कितीतरी वर्षे याच दरबारच्या चाकरीत घालविली. १६४८ साली त्यांना कैद करण्यात पुढाकार घेणारे मुधोळचे बाजी घोरपडे हेही मराठेच, आणि आदिलशाहीचेच सरदार. आपण ज्या तोफेपाशी छायाचित्र काढतो, ती १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली आणि १६३२ साली परंड्याहून विजापुरास आली. ती आणणारा मुरार जगदेव हा आदिलशाहीतील हिंदू मुत्सद्दी. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरविल्याची जी कथा आपण शाळेत शिकतो, तीही याच मुरार जगदेवाची. इतका गुंता एका तोफेभोवती! तो उलगडून पाहिल्यावाचून स्वराज्याची झेप किती मोठी होती, हे कळावे कसे? ज्या दरबारात आपलीच बुद्धी आणि आपलीच तलवार राबत होती, त्या दरबाराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य शिवाजीराजांनी दाखविले. दरबार किती संपन्न होता हे डोळ्यांनी पाहिले, म्हणजे त्या धैर्याचे मोल समजते.

शिवाय त्या दरबाराचे रंगही एकसारखे नव्हते. दुसऱ्या इब्राहीमाने, ज्याची कारकीर्द १५८० ते १६२७ अशी झाली, ‘किताब-ए-नौरस’ नावाचा गीतसंग्रह दखनी भाषेत रचला, आणि त्यात सरस्वती व गणपती यांना वंदन केले. त्याच्या आवडत्या तंबोऱ्याला मोतीखान असे नाव होते. १५९९ साली त्याने तोरवीजवळ नौरसपूर नावाची नवी नगरी वसविण्यास आरंभ केला. १६२४ साली मलिक अंबरने ती उद्ध्वस्त केली. पुढे १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले, आणि राजधानी या नात्याने त्या शहराचे आयुष्य संपले. १७६० साली ते पेशव्यांकडे आले, १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होते, आणि १८४८ साली इंग्रजांकडे गेले. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे हे घुमट मराठ्यांच्या ताब्यात होते. शत्रूचे शहर म्हणून हात झटकणाऱ्यांनी हाही हिशेब ध्यानात घ्यावा. असो.

आणखी एक विचार आम्हांस सुचतो. आपला हा सारा मुलूख आदिलशाहीत मोडत असे. गोलघुमटाच्या चिऱ्यांत आपल्या पूर्वजांच्या जोंधळ्याचा आणि घामाचा वाटा आहे. सारा त्यांनी भरला आहे. पुण्या-मुंबईचा प्रवासी तेथे पाहुणा म्हणून जातो. आपण जावे ते जुन्या खातेदारासारखे, हिशेब विचारण्यासाठी. आणि विचारण्याची सोयही आपल्याला अधिक आहे. तेथील पहारेकरी, टांगेवाला, पेरू विकणारी म्हातारी ही मंडळी कन्नड किंवा दखनी बोलतात. लांबून आलेल्या प्रवाशाला दुभाष्या लागतो. आपल्या शाळेतील निम्म्याहून अधिक मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कन्नड बोलतच मोठी झाली आहेत. हे भाग्य सहलीच्या दिवशीच वापरायचे नाही, तर केव्हा?

आता व्यवहाराची दोन बोलणी. सहलीपूर्वी आठ दिवस वर्गाने हुक्केरीस जाऊन यावे. तेथे आदिलशाही काळातील घुमट उभे आहेत, आणि वाट तासाभराचीही नाही. लहान घुमट नीट पाहिलेला विद्यार्थी मोठ्यापुढे गोंधळत नाही. सोबत वही आणि मोजपट्टी असावी. किल्ल्या आणि कोळसे शिक्षकांनी आधीच जमा करून घ्यावेत. विजापुरास एक रात्र मुक्काम करणे परवडत असेल तर उत्तम. नसेल तर ठिकाणे कमी करावीत, वेळ कमी करू नये. गोलघुमट सकाळी दरवाजा उघडताच गाठावा, म्हणजे कुजबूज ऐकू येईल. त्यानंतर ताज बावडी, पाण्याचा एखादा मनोरा, आणि दुपारची उन्हे कलल्यावर इब्राहीम रोजा. तेथील जाळ्यांत दगडातून कोरलेली अक्षरे आहेत. त्यांतून येणारा उजेड तिरपा असताना ती उठून दिसतात. परतताना तोरवीस अर्धा तास गाडी थांबवावी आणि नौरसपुरातील संगीत महालाचे अवशेष मुलांना दाखवावेत. वाट तशीही तिकडूनच येते.