टाकाऊ वस्तू आणि टाकाऊ ठरवलेली माणसे

गेल्या वर्षी शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा झाली. पहिला नंबर आला आइस्क्रीमच्या काड्यांच्या घराला. काड्या कुणी गोळा केलेल्या नव्हत्या. स्टेशनरीच्या दुकानातून कोरी दोन पाकिटे आणली होती. चमकी नवी, फेव्हिकॉल नवे, खालचा पुठ्ठाही नवा. परीक्षकांत मीही होतो आणि टाळ्या मीही वाजवल्या.

त्याच आठवड्यात सातवीच्या मुलांची माहिती भरत होतो. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी आलो तेव्हा एक मुलगा टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, भंगार मत लिखो ना. बिजनेस लिखो." त्याचे वडील हातगाडी घेऊन मुकुंदनगरहून निघतात आणि पार केडगावपर्यंत फिरतात. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक वेगवेगळे कसे करायचे, कशाला काय भाव मिळतो, हे त्या मुलाला तोंडपाठ आहे. पुस्तकातला पर्यावरणाचा धडा ज्याच्या घरी रोज प्रत्यक्षात घडतो, लाज त्यालाच वाटत होती. काड्यांच्या घराला बक्षीस देताना आम्हाला मात्र कसलीच लाज वाटली नाही.

सध्या 'चक्रीय अर्थव्यवस्था' या शब्दाची चलती आहे. वस्तू बनवा, वापरा, फेकून द्या, ही सरळ रेघ मोडायची आणि तिचे वर्तुळ करायचे, असा त्याचा अर्थ. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी जी 17 उद्दिष्टे ठरवली, त्यांतले बारावे जबाबदार उपभोग आणि उत्पादनाचे आहे. त्यावर शिक्षकांची प्रशिक्षणे होतात आणि त्या प्रशिक्षणात आम्ही प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी पितो. विचार चांगला आहे, माझी तक्रार त्याच्याशी नाही. तो जणू कालच परदेशातून आला असे सांगितले जाते, याच्याशी आहे.

माझे आजोबा पिंजारी होते. झेंडीगेटहून खांद्यावर पिंजण टाकून निघायचे आणि भिंगारपर्यंत गल्लोगल्ली फिरायचे. दबून दगड झालेली गादी उसवायची, कापूस पिंजून मोकळा करायचा, पुन्हा भरून टाके घालायचे. त्याच कापसावर घरातल्या दोन पिढ्या झोपायच्या. त्यांच्यासोबत कल्हईवाले असायचे. भाता मारून भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाचा हात फिरवायचा की पितळेचे पातेले पुन्हा आंबट वरणाला चालायचे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण होती आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आज्या तर घरोघरी होत्या. यांतल्या कुणालाही 'शाश्वत विकास' हा शब्द माहीत नव्हता.

ही माणसे आळशी झाली म्हणून धंदे बुडाले का? नाही. फोमची गादी पिंजता येत नाही. नॉनस्टिक तव्याला कल्हई लागत नाही. मोबाइलची बॅटरी आत चिकटवूनच येते. वस्तू दुरुस्त होऊ नये अशीच बनवायची आणि मग ग्राहकाला 'कमी वापरा' म्हणून उपदेश करायचा, हा दुटप्पीपणा आहे. प्रश्न आधी बनवणाऱ्याला विचारला पाहिजे.

आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तो 1950 साली. कारखान्यात उसाचे काही वाया जात नाही. वजनाचा सुमारे 30 टक्के भाग बगॅस होतो, तो बॉयलरमध्ये जळतो, त्यावर वीज होते. मळीपासून अल्कोहोल, प्रेसमडपासून खत. याला आपण 'उपपदार्थ' म्हणतो, त्यासाठी कर्ज मिळते, सत्कार होतात. मिळावेतही. डिस्टिलरीच्या सांडपाण्याने विहिरी नासल्याच्या तक्रारी साखरपट्ट्याला नव्या नाहीत, तरी कारखानदाराला कुणी 'घाणीतला माणूस' म्हणत नाही. तेच वर्तुळ हातगाडीवाला फिरवतो तेव्हा ते 'भंगार' होते. वर गल्लीत शिरला की आधी त्याचे आधार कार्ड मागितले जाते, तो कुठला, कोण, कशाला आला. भंगाराची गरज सगळ्यांना आहे, भंगारवाला कुणालाच नको.

कायद्यातही तेच. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख द्या, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे स्थानिक संस्थांना सांगितले. 2022 चे ई-कचऱ्याचे नियम आले, त्यांत नोंदणी आहे ती कारखानदाराची, कंपनीची, दुरुस्त करून विकणाऱ्याची आणि पुनर्चक्रण करणाऱ्याची. दारोदार फिरून जुना मोबाइल, जुना टीव्ही गोळा करतो त्याच्यासाठी रकाना नाही. उद्या कचऱ्याला सोन्याचा भाव येईल तेव्हा मोठे ठेकेदार येतील आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे चक्र फिरवले, त्यांनाच बाहेर काढतील.

हे टाळता येते. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांनी ओळखपत्र मिळवले आणि पुढे 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हक्काने घेतले. सहकाराची पंढरी म्हणवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात उसाचा सहकार होतो, दुधाचा होतो, मग भंगाराचा का होऊ नये?

बोट दुसऱ्याकडे दाखवताना थोडे आपल्या घरातही पाहू. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये मना आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरा, अशी शिकवण आहे. आणि आपली लग्ने? प्लास्टिकचा दस्तरखान, प्लास्टिकचे ग्लास, अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या, आणि हॉलच्या मागे बिर्याणीचा ढीग. ज्या पैगंबरांविषयी ते आपली चप्पल स्वतः सांधत असे आपण अभिमानाने सांगतो, त्यांचीच उम्मत मोच्याकडे, भंगारवाल्याकडे मुलगी द्यायला नाक मुरडते. मीसुद्धा बीएड झाल्यावर कितीतरी वर्षे 'आजोबांचा कापसाचा व्यापार होता' असे सांगत आलो. म्हणजे त्या मुलाआधी रकाना मीच बदलला होता.

यंदा स्पर्धेचा एक नियम बदलण्याची मागणी मी शाळेत लेखी दिली आहे: दुकानातून आणलेली एकही वस्तू चालणार नाही, आणि परीक्षक म्हणून एक भंगारवाला बसेल. अजून उत्तर आलेले नाही. महानगरपालिकेकडेही आपण मागितले पाहिजे: फेरीवाल्या भंगारवाल्यांना ओळखपत्र आणि माल निवडायला शेड. दोन्ही गोष्टी फार खर्चाच्या नाहीत.

त्या रकान्यात मी शेवटी 'भंगार व्यवसाय' असेच लिहिले. मुलगा नाराज झाला. त्याची नाराजी पाटी पुसावी तशी मला एका वाक्याने पुसता आली नाही. ती पुसायला त्याच्या वडिलांना 'ए भंगार' अशी हाक मारणारे आपण सगळेच लागू.