कागदावरचा हक्क हातात घेऊ

अमेरिकेत 1865 ला गुलामी कायद्यानं संपली, 1868 ला समान हक्क घटनेत लिहिला. तरी काळ्या माणसांना मताचा, शाळेचा हक्क खरा मिळायला 1964-65 चे कायदे यावे लागले. तेही हजारो लोक रस्त्यावर उतरले म्हणून.

आपलंही तसंच. समानता 1950 ला घटनेत आली, वनहक्क कायदा 2006 ला. पण अकोल्याच्या डांगाणात बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीला अजून दंडाची पावतीच मागतात. आम्ही म्हणतो, पावती नसली तरी दावा मरत नाही. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हाही नियमानं पुरावाच आहे. सोबत आणखी एक पुरावा जोडा. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, 60 दिवसांत अपील करा. बायाबापड्यांसह ग्रामसभेला या, ठराव लिहूनच उठा.