चाल मोडते तेव्हा

घोड्याच्या ज्या चालीला मराठीत ‘दुडकी’ म्हणतात तिच्या नावातच काहीसा हलकेपणा आहे. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे दुडूदुडू धावणे आणि घोड्याची दुडकी हे शब्द कानाला सख्खे वाटतात. त्यामुळे दुडकी म्हणजे धड चालणे नव्हे आणि धड धावणे नव्हे, अशी मधली, किंचित गमतीदार गती असावी असा आपला ग्रह होतो. अमेरिकेतील अश्वप्रदर्शनांत ‘रोडस्टर’ नावाचा जो वर्ग असतो, त्यातले घोडे पाहिल्यावर हा ग्रह टिकत नाही.

लंबवर्तुळाकार रिंगणात घोडे येतात. काहींना दोन चाकांची, जवळजवळ सांगाडाच असलेली हलकी गाडी जुंपलेली असते. काही स्पर्धांत गाडीऐवजी पाठीवर खोगीर आणि स्वार असतो. चालवणाऱ्याच्या अंगात शर्यतीतल्यासारखा रंगीत रेशमी सदरा आणि डोक्यावर टोपी. आधी संथ दुडकी, मग रस्त्यावरची म्हणून ओळखली जाणारी वाढती दुडकी आणि अखेरीस पूर्ण वेग, अशा तीन लयींत घोडा दाखवायचा असतो. मात्र तिन्ही लयींत चाल एकच राहिली पाहिजे. दुडकीत तिरपे पाय जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. दोन जोड्यांच्या मधे एक क्षण असा येतो की चारही पाय अधांतरी असतात. हा क्षण खरोखर असतो का, या वादातूनच १८७०च्या दशकात लेलँड स्टॅनफर्ड यांनी एडवर्ड मायब्रिज यांच्याकडून आपल्या दुडक्या घोड्यांची छायाचित्रे काढवून घेतली, आणि पुढे चलच्चित्राच्या इतिहासाचा एक धागा तिथून निघाला.

वेग वाढत गेला की चौखूर उधळण्याकडे घोड्याचा सहज कल होतो. रोडस्टरने तसे केले तर तो दोष. सर्वांत वेगवान असणे पुरेसे नाही; वेगाच्या टोकालाही चाल न मोडणे, लय न बिघडणे, पाय बाजूला न फेकले जाणे, हे पाहिले जाते. वेग आणि घाट यांच्यातला हा ताण साहित्याच्या अभ्यासकाला अनोळखी वाटू नये. वृत्तात लिहिणाऱ्या कवीचा आवेग वाढतो आणि तरी यती चुकत नाही, तेव्हा आपल्याला होणारा आनंद याच जातीचा असतो.

पण या घाटाचा उगम रिंगणात नाही. नावाप्रमाणे तो रस्त्यावर आहे. अमेरिकेतील दुडक्या घोड्यांचा मूळपुरुष मानला जाणारा हॅम्बल्टोनियन १८४९ साली जन्मला. त्याच्या पितृकुळात १७८८ साली इंग्लंडहून आलेला मेसेंजर हा शर्यतीचा घोडा होता, तर आईकडून बेलफाउंडर हा नॉरफोक परगण्यातला दुडका घोडा. पुढे १८७९ साली पैदासकारांच्या संघटनेने नोंदणीसाठी वेळेची कसोटी ठरवली, ती एक मैल अडीच मिनिटांत दुडकीने कापण्याची. या कसोटीवरूनच त्या जातीला ‘स्टँडर्डब्रेड’ हे नाव मिळाले. ती मर्यादा १८४५ साली प्रथम ओलांडणारी लेडी सफोक ही घोडी आधी कालवांची गाडी ओढत असे, असे सांगतात. डॉक्टर आणि साहित्यिक असलेले ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८५८ च्या ‘द ऑटोक्रॅट ऑफ द ब्रेकफास्ट टेबल’मध्ये शर्यतीच्या घोड्याला प्रजासत्ताकाच्या पंगतीतून उठवले आणि दुडक्या घोड्याला तिथे पाट मांडला. कारण साधे होते: एकाच्या भोवती जुगार जमतो, तर दुसऱ्याच्या मागोमाग पाववाल्याची आणि खाटकाची चपळ गाडी येते, कुटुंबाचा फेरफटका येतो.

मोटार आली आणि तो रस्ता घोड्याचा राहिला नाही. चाल मात्र रिंगणात उरली. जाते गेले आणि जात्यावरची ओवी ध्वनिफितीत, संग्रहात, आपल्या अभ्यासक्रमात उरली, तसेच काहीसे. उपयोग संपल्यावर उरलेल्या घाटाला पोकळ म्हणून हिणवण्याची एक सवय समीक्षेत आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. ओवी दळणाशिवाय ऐकली तरी ती श्रमाचे मोजमाप आपल्यात वागवते, आणि रोडस्टरच्या तीन लयींत गावचा रस्ता, घाईचे काम आणि दोन शेजाऱ्यांची चढाओढ अजून ओळखता येते. प्रदर्शनाला त्याचे श्रेय दिले पाहिजे.

खरी अडचण पुढे आहे. प्रदर्शनातला निर्णय नेहमी बाहेरून होतो. परीक्षक रिंगणाच्या मध्यभागी उभा असतो आणि घोडा त्याच्याभोवती फिरतो. डौल, चमक, वागणूक हे सारे पाहणाऱ्याचे शब्द आहेत. ज्याच्या अंगावर तो डौल चढवलेला असतो त्याची बाजू या शब्दांत मावत नाही, आणि ती मांडायला एकोणिसाव्या शतकात साहित्याला पुढे यावे लागले.

बेलफाउंडरच्याच नॉरफोकमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना स्यूएल यांनी १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’ प्रसिद्ध केली. घोड्याने स्वतः सांगितलेल्या या कहाणीत मान वर खेचून धरणाऱ्या पट्ट्याचा, म्हणजे ‘बेअरिंग रेन’चा, निषेध आहे. श्रीमंतांच्या बग्गीला जुंपलेल्या घोड्याची मान ताठ दिसावी म्हणून तो पट्टा एकेक भोक आवळत नेत असत. चढावर ओझे ओढताना घोड्याला मान खाली घालून सारे वजन खांद्यावर घ्यावे लागते; पट्टा नेमके तेच होऊ देत नाही. बघ्याला जो रुबाब वाटतो, तो आतून कोंडलेला श्वास असतो. आजच्या रोडस्टरच्या डोक्यावरही मान वर ठेवणारा पट्टा असतो. पण सपाट रिंगण, हलकी गाडी आणि मोजकी मिनिटे यांची तुलना दिवसभर चढ चढणाऱ्या बग्गीशी सरसकट करणे अन्यायाचे होईल. तरीही स्यूएल यांचा प्रश्न शिल्लक राहतो: ताठ मान कोणासाठी?

त्याहून खोल जाते ती तोलस्तोयची ‘खोलस्तोमेर’ ही कथा. ती लिहायला घेतली १८६३ साली आणि प्रसिद्ध झाली १८८६ साली. काउंट ओर्लोव यांनी १७७६ साली स्थापलेल्या ख्रेनोवोये येथील पागेतल्या एका प्रत्यक्ष घोड्याचा तिला आधार आहे. नायकाचे नाव त्याच्या चालीवरून पडलेले आहे: कापड मोजणारा. लांब, एकसारख्या टापा टाकीत तो असा जातो की जणू कोणी गजाने कापड मोजत आहे. कूळ उत्तम, वेग अतुलनीय, पण रंगाने अबलख; म्हणून पागेला त्याची लाज. तो खच्ची केला जातो आणि मालकाच्या लाडक्या घोड्याला मागे टाकतो म्हणून विकलाही जातो. प्रदर्शनाच्या कसोट्या किती परस्परविरोधी असू शकतात, याचा यापेक्षा नेमका दाखला क्वचितच सापडेल.

शिक्लोव्हस्की यांनी १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून ही कथा घेतली, आणि तेव्हापासून वर्गांत ती बहुधा घोड्याच्या मालमत्तेविषयीच्या चिंतनासाठी शिकवली जाते. ‘माझा घोडा’ या शब्दांचा अर्थ घोड्याला कळत नाही, तो हा भाग. मला मात्र दुसरी एक जागा अधिक महत्त्वाची वाटते. खोलस्तोमेरचा देखणा, उधळ्या मालक पळून गेलेल्या प्रेयसीच्या मागे त्याला पिटाळतो. त्याच्यावर कधी न ओढलेला चाबूक ओढला जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा खोलस्तोमेरची चाल मोडते. त्याला शरम वाटते. तो चाल सावरू पाहतो, पण मालक बेभान होऊन ओरडतो आणि घोडा चौखूर उधळतो. कोसच्या कोस धावून प्रेयसी गाठली जाते. घोडा मात्र कायमचा खचतो.

कोणत्याही परीक्षकाच्या वहीत या क्षणाची नोंद एकाच शब्दात झाली असती: दोष. तोलस्तोय तो दोष नाकारत नाही. उलट घोडा स्वतःच तो सर्वांआधी ओळखतो, कारण चाल आता त्याची झालेली आहे. माणसाने लादलेली शिस्त त्याने आपला मान म्हणून स्वीकारलेली आहे, आणि ती मोडायला लावणारा तोच माणूस आहे. शिस्त लादण्यातली क्रूरता सहज दिसते. अंगी मुरलेली शिस्त लहरीखातर तोडायला लावण्यातली क्रूरता आतून सांगितल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून घाटाच्या बाजूने बोलताना एक अट घालावीशी वाटते. चाल मोडली हे सांगणे परीक्षकाचे काम आहे आणि ते प्रामाणिकपणे केलेच पाहिजे. वर्गात वृत्तभंग दाखवताना आपणही तेच करतो. मात्र विद्यार्थ्याची ओळ ज्या ठिकाणी लंगडते तिथे लाल खूण करून पुढे जाण्याआधी, घाई कोणाची होती एवढे विचारायला हरकत नसावी. पुष्कळदा ती परीक्षेची असते, अभ्यासक्रमाची असते, कधी आपली स्वतःची असते. तेव्हा खूण ओळीखाली करावी. शेरा मात्र कोणाच्या नावावर लिहायचा, याचा थोडा विचार करावा.